तबकड्या त्याच, कान नवे

नारायणगाव म्हटलं की कुणाला तमाशाच्या फडांच्या राहुट्या आठवतात, कुणाला टोमॅटोचा बाजार. या मुलखातून फिरणाऱ्याला आणखी एक गोष्ट हटकून दिसते. उसाच्या आणि द्राक्षबागांच्या वर मधूनच तारेच्या जाळीची एखादी अवाढव्य तबकडी आभाळाकडे तोंड करून उभी असते. अशा तीस तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा तबकड्या खोडद गावाजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. सगळ्यात दूरच्या दोघींमधलं अंतर पंचवीस किलोमीटरच्या घरात जातं. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. ती चालवणारी संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे: टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, सगळ्यांच्या तोंडी एनसीआरए.

४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. तेव्हापासून तबकड्यांचं पोलाद फारसं बदललेलं नाही. तरीही तेव्हाची दुर्बीण आणि आजची दुर्बीण एक नव्हे. आज तिला जे ऐकू येतं, ते तेव्हा येत नव्हतं. सगळ्यात मोठा फरक पडला तो तबकड्यांकडून आलेला संकेत जिथे पोचतो त्या खोलीत.

मोठ्या दुर्बिणींचा इतिहास सहसा व्यासाचा, वजनाचा, खर्चाचा सांगितला जातो. पण रेडिओ दुर्बिणीचं खरं भवितव्य ठरतं एका साध्या प्रश्नावर: आलेल्या संकेतातलं काय ठेवायचं आणि काय टाकून द्यायचं? खोडदला या प्रश्नाला एकामागून एक तीन उत्तरं मिळाली, आणि दर वेळी त्याच तबकड्यांतून नवं आकाश दिसलं.

कल्याणची रेघ

गोष्टीची सुरुवात पुण्यात नाही, कल्याणला आहे. खोडदची दुर्बीण ज्यांनी कल्पिली, त्या गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ चा, उत्तर प्रदेशातला. १९५०च्या दशकात ते ऑस्ट्रेलियात सिडनीला रेडिओ खगोलशास्त्र शिकले. तिथल्या पॉट्स हिलच्या वेधशाळेत सहा-सहा फुटांच्या बत्तीस तबकड्या होत्या. त्या निकामी ठरल्यावर भारताला देऊन टाकण्यात आल्या. स्वरूप पुढे स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये टाटा संस्थेत रुजू झाले. १९६५ मध्ये त्याच बत्तीस तबकड्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या आणि सूर्याकडे पाहू लागल्या. भारतातली ही पहिली रेडिओ दुर्बीण.

त्या काळच्या अशा दुर्बिणीत तबकड्यांचे संकेत तारांमधून एकत्र येत, त्यांची बेरीज विजेच्या मंडलांतच होई आणि उत्तर कागदाच्या सरकत्या पट्टीवर पेन उमटवी. नोंद म्हणजे ती रेघ. पेनाने जे उचललं ते राहिलं, बाकीचं गेलं. दुसऱ्या दिवशी कुणाला नवी कल्पना सुचली आणि त्याच संकेताकडे वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटलं, तरी पाहायला संकेत शिल्लक नसे.

याच सुमारास दूर अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. १९६३ मध्ये एमआयटीतल्या सँडर वाइनरेब यांनी आकाशातल्या संकेतासाठी पहिला डिजिटल कोरिलेटर, म्हणजे संकेत गुणून ताडून पाहणारं यंत्र, चालवून दाखवला. त्यांची युक्ती धाडसाची होती. संकेत किती मोठा, किती लहान, हे त्यांनी पाहिलंच नाही. दर क्षणी तो शून्याच्या वर आहे की खाली, एवढीच एका बिटाची नोंद ठेवली. बाकी सगळी माहिती टाकून दिली. तरीही पुरेसा वेळ मोजत राहिलं की संकेताचा वर्णपट गणिताने परत मिळतो. या यंत्राने त्यांनी अंतराळातला हायड्रॉक्सिल रेणू शोधून काढला. काय टाकलं तरी चालतं, हे नीट कळलं तर किती थोडक्यात किती मोठं काम होतं, याचा हा धडा होता.

दुसरी गोष्ट १९६५ ची, कल्याणच्याच वर्षातली. कूली आणि ट्यूकी या दोघांनी संकेताचे घटक स्वर वेगळे करण्याची एक झटपट रीत प्रसिद्ध केली. हे स्वर वेगळे करण्याचं गणित, म्हणजे फूरिये रूपांतर, दीडशे वर्षं जुनं होतं, पण हजारो आकड्यांवर ते करणं म्हणजे लाखो गुणाकार. नव्या रीतीने ते काम शेकडो पटींनी कमी केलं. आज मोबाइलवर गाणं वाजतं, आवाज ओळखला जातो, त्यामागे हीच रीत आहे. खोडदच्या दुर्बिणीचाही प्राण तोच.

दुप्पट वेगाचा नियम

रेडिओ लहर म्हणजे आवाज नव्हे. ती प्रकाशाची बहीण, हवेशिवायही चालणारी. पण एकदा ती तारेतली वीज झाली की तिच्यावर चालणारं गणित आणि मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजावर चालणारं गणित एकच. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या कामातून आलेला नियम सांगतो की संकेत पुरता पकडायचा असेल, तर त्यातल्या सर्वोच्च वारंवारतेच्या किमान दुप्पट वेगाने त्याचे नमुने घ्यायला हवेत. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांची. म्हणूनच १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात.

खोडदला मूळच्या आराखड्यात संकेताचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झ रुंद होता. म्हणजे एका संकेताचे दर सेकंदाला ६ कोटी ४० लाख नमुने. प्रत्येक तबकडी ध्रुवीकरणाच्या दोन दिशांचे दोन संकेत पाठवते, म्हणून तीस तबकड्यांचे साठ संकेत. एकूण ३८४ कोटी नमुने, दर सेकंदाला. प्रत्येक नमुन्याला एक बाइट जागा दिली, तर सेकंदाला ३.८४ जीबी. त्या काळची एक सीडी पाव सेकंदही पुरली नसती. दहा तासांचं निरीक्षण तसंच्या तसं साठवायचं, तर ढीग सव्वा लाख जीबीच्या पुढे गेला असता. १९९०च्या दशकात हे जगात कुठेही शक्य नव्हतं. त्यामुळे टाकणं भागच होतं. प्रश्न होता तो कसं टाकायचं याचा.

स्वस्त जाळी, महाग गणित

कल्याणनंतर १९७० मध्ये उटीजवळच्या डोंगरउतारावर स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली. पुढे विषुववृत्तावर, आफ्रिकेत किंवा इंडोनेशियात, याहून मोठी दुर्बीण बांधायची योजना आखली गेली, पण ती कागदावरच राहिली. तेव्हा स्वरूप यांनी १९८४ मध्ये भारतातच काहीतरी मोठं करायचा आराखडा मांडला.

मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना गुळगुळीत पत्रा लागत नाही. जाळीची भोकं लहरीपेक्षा बरीच लहान असली की लहरीच्या दृष्टीने ती जाळी अखंडच. म्हणून खोडदच्या तबकड्यांना पत्रा नाही, ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, तीही ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर बसवलेली. मध्यभागी भोकं १० मिलिमीटरची, कडेला २० मिलिमीटरची. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका; सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. या रचनेला स्वरूप यांच्या चमूने नाव दिलं 'स्मार्ट'. जागा निवडताना पाहिलं ते असं: पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, म्हणजे शहराच्या गोंगाटापासून लांब पण पोचायला सोपी, भोवती डोंगर, बाहेरचा रेडिओ गोंधळ अडवणारे.

पोलादात वाचलेले कष्ट संकेताच्या बाजूला मात्र दामदुपटीने भरावे लागले. तबकड्यांचे संकेत मध्यवर्ती इमारतीपर्यंत आणण्यासाठी प्रकाशतंतू घातले गेले. शहरांतल्या टेलिफोनलाही जेव्हा हे तंतू नवीन होते, तेव्हा जुन्नरच्या शेतांखालून ते आकाशाचे संकेत वाहू लागले.

मग येतो उशिराचा प्रश्न. विसर्जनाच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर लांबलचक ढोलपथक एका ठोक्यात वाजवत असलं, तरी अलका चौकात उभ्या असलेल्याला पुढच्या रांगेचा ठोका आधी आणि मागच्या रांगेचा नंतर ऐकू येतो. आकाशातली लहरही अशीच एका तबकडीवर आधी, दुसरीवर मागाहून पडते. पंचवीस किलोमीटरसाठी हा फरक सुमारे ८३ मायक्रोसेकंदांपर्यंत जाऊ शकतो, आणि तेवढ्यात पाच हजारांहून जास्त नमुने निघून जातात. भरीला पृथ्वी फिरत असते, म्हणून हा उशीर क्षणाक्षणाला बदलतो. तो मोजून, प्रत्येक संकेत योग्य तेवढा थांबवून, सगळ्यांना एका ठोक्यावर आणावं लागतं. त्यानंतर प्रत्येक संकेताचे फूरियेच्या रीतीने बारीक वाहिन्यांमध्ये तुकडे करायचे, आणि मग प्रत्येक तबकडीचा प्रत्येक दुसरीशी गुणाकार करायचा. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. या जोडीला बेसलाइन म्हणतात आणि हे सगळं करणाऱ्या यंत्राला कोरिलेटर. आधी फूरिये, मग गुणाकार, म्हणून या जातीचं नाव एफएक्स.

हिशेब केला तर सेकंदाला सुमारे २,८०० कोटी गुणाकार, तेही साधे नव्हेत, संमिश्र संख्यांचे. त्या काळात गणेशखिंडीतच, विद्यापीठाच्या आवारात, आणखी एक मोठी खटपट चालू होती. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांची मोट बांधून केलेला तो संगणक देशाच्या अभिमानाचा विषय झाला. त्याचा तात्त्विक कमाल वेग सेकंदाला शंभर कोटी क्रियांच्या आसपास होता. खोडदची भूक त्याच्या शंभर पटींहून मोठी होती. सर्वसाधारण कामांच्या संगणकाला ती भागवता येण्यासारखी नव्हतीच. त्यामुळे जीएमआरटीने एकच काम करणाऱ्या खास चिपांचा मार्ग धरला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने आपल्या व्हीएलबीए या दुर्बिणीसाठी करवून घेतलेली एफएक्स चिप इथे वापरली गेली आणि तिच्याभोवतीचा कोरिलेटर इथल्या अभियंत्यांनी उभा केला.

सोळा सेकंदांची सरासरी

आता पाहा काय राहिलं. गुणाकारांची उत्तरं क्षणोक्षणी ठेवायची नाहीत. त्यांची साधारण १६ सेकंदांची सरासरी काढायची आणि तेवढीच नोंदवायची. ४३५ बेसलाइन, दोन ध्रुवीकरणं, २५६ वाहिन्या: एकूण सव्वादोन लाखांच्या आसपास संमिश्र आकडे. प्रत्येकाला आठ बाइट दिले तरी सोळा सेकंदांची नोंद जेमतेम पावणेदोन एमबी. तेवढ्या वेळात आत आलेला संकेत होता साठ जीबीचा. चौतीस हजारांतला एक भाग ठेवला आणि बाकी सोडून दिला. दहा तासांचं निरीक्षण चार जीबीत बसलं. एनसीआरएच्या विद्यार्थ्यांना 'एलटीए फाइल' म्हणून ओळखीची असलेली फाइल हीच.

आणि हे सोडून देणं फुकट गेलेलं नव्हतं. आकाशातली आकाशगंगा किंवा फुटलेल्या ताऱ्याचं कवच सोळा सेकंदांत बदलत नाही. सरासरीने गोंगाट दबतो आणि खरा संकेत वर येतो. चित्र काढण्यासाठी लागणारं सगळं त्या चार जीबीत होतं.

चार जीबी साठवण्याची सोयही गंमतशीर वाटेने आली होती. डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, ही सोनीने १९८७ मध्ये गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी आणली. घरगुती बाजारात ती फारशी चालली नाही, पण संगणकवाल्यांनी तीच टेप माहिती साठवायला उचलली. एक्झाबाइट कंपनीने तर सोनीच्या आठ मिलिमीटरच्या व्हिडिओ टेपवर दोन जीबीहून जास्त माहिती बसवून दाखवली. त्या दशकात जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वेधशाळेतून परतताना बॅगेत आकाश घेऊन येत ते अशाच टेपांवर. गाण्यांसाठी आणि घरच्या व्हिडिओंसाठी बनलेली फीत विज्ञानाचं दप्तर झाली होती.

सोळा सेकंदांच्या सरासरीत एक गोष्ट मात्र पुरती हरवायची: झपाझप बदलणारं काहीही. पल्सार, म्हणजे गरागरा फिरणारे मृत तारे, सेकंदाला कित्येकदा ठोका देतात. त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेने घडवलेल्या यंत्रसामग्रीच्या मदतीने सगळ्या तबकड्यांचे संकेत एकत्र करून वेगाने नोंदवण्याची सोय झाली. या नोंदीत चित्र नसतं, फक्त काळाबरोबर बदलणारी ताकद. त्यातून २००४ मध्ये जाहीर झालेला एक शोध आजही आठवला जातो. फ्रेरे, यशवंत गुप्ता, रॅन्सम आणि ईश्वरचंद्र यांना एनजीसी १८५१ या ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छात एक पल्सार सापडला. तो ४.९९ मिलिसेकंदांत एक फेरी मारतो, म्हणजे सेकंदाला दोनशे. त्याचे ठोके ध्वनिवर्धकाला जोडले तर वेगळे ठोके ऐकू येणार नाहीत, भरीव आवाजाचा एक अखंड स्वर ऐकू येईल. नोंद केलेल्या आकड्यांच्या समुद्रात दडलेला हा स्वर शोधायला कूली-ट्यूकींचीच रीत कामी आली.

बाजारातले संगणक

२००० नंतर संगणक इतक्या वेगाने स्वस्त झाले की खास चिपांचा जुना हिशेब उलटला. खास चिपेत एकदा जे कोरलं ते कोरलं. पट्टा वाढवायचा, वाहिन्या वाढवायच्या, सरासरीचा काळ कमी करायचा, तर नवं यंत्र हवं. साधा संगणक मंद असला तरी त्यात दुसऱ्या दिवशी नवी आज्ञावली घालता येते.

२०१० मध्ये जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीच्या 'सॉफ्टवेअर बॅकएंड'चं वर्णन प्रसिद्ध केलं. बाजारात मिळणाऱ्या सर्व्हरांचा ताफा, बाजारात मिळणारी नमुने घेणारी कार्डं, लिनक्स, आणि स्वतः लिहिलेली आज्ञावली. जे काम आतापर्यंत खास चिपा करत होत्या, ते हे सर्व्हर संकेत येतायेताच करू लागले. या कामात टोरांटोचे यू-ली पेन आणि कार्नेगी मेलनचे जेफ पीटरसन सहभागी होते. विश्वात पहिले तारे पेटले त्या काळातल्या हायड्रोजनचा क्षीण संकेत शोधायला त्यांना असंच लवचीक यंत्र हवं होतं.

या यंत्राची सर्वांत मोठी देणगी वेगाची नव्हती. त्यात हवं तेव्हा कच्चा संकेत, म्हणजे गुणाकार-सरासरीच्या आधीचे नमुने, थेट डिस्कवर लिहून ठेवता येऊ लागले. कायम नव्हे, काही तासांपुरते. पण तेवढ्याने गोष्ट बदलली. आता आधी नोंदवा, मग ठरवा. चाचणी करताना तोच संकेत पुन्हापुन्हा वेगवेगळ्या रीतीने चाळता येऊ लागला. कल्याणच्या पट्टीवर जे अशक्य होतं, ते खोडदला रोजचं झालं.

मंगळाची हाक

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी रात्री आठ वाजून गेल्यावर खोडदच्या तबकड्या आकाशगंगांकडे पाहत नव्हत्या. युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापारेली हे छोटं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा रेडिओ पृथ्वीसाठी बनलेलाच नव्हता. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना ऐकू यावा एवढीच त्याची ताकद. वारंवारता चारशे मेगाहर्ट्झच्या आसपास. पृथ्वीवर त्या वारंवारतेला एवढे मोठे कान थोडेच होते. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची साथ घेऊन जीएमआरटी कामाला लागली.

कोट्यवधी किलोमीटरवरून येणाऱ्या या संकेतात शब्द नव्हते, माहिती नव्हती. होता तो फक्त एक सरळ सूर. पण सुराची वारंवारता यानाच्या वेगाबरोबर सरकते, जशी रुळावरून जाणाऱ्या गाडीच्या शिटीची. यान वातावरणात घुसलं की तो सूर झपाट्याने सरकतो. पॅराशूट उघडलं की त्याला एकदम वळण बसतं. पुण्याजवळच्या खोलीत बसलेल्यांना त्या सुराच्या वाटेवरून यानाचा प्रवास जवळजवळ चालू घडीला वाचता येत होता. संकेताला पृथ्वीवर पोचायला सुमारे दहा मिनिटं लागत होती, तेवढाच उशीर.

अपेक्षित उतरणीच्या थोडं आधी तो सूर थांबला.

पुढे चौकशीत कळलं की यानाच्या फिरकीचं मापन करणारं उपकरण सुमारे एक सेकंदभर आपल्या कमाल मर्यादेवर अडकून राहिलं. त्या चुकीच्या आकड्यावरून यानाच्या संगणकाने उंचीचा हिशेब केला आणि उत्तर उणे आलं, म्हणजे यान जमिनीखाली. जमिनीवर पोचल्याचं समजून त्याने पॅराशूट सोडलं, इंजिनं काही सेकंदांत बंद केली आणि सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवरून यान कोसळलं. मर्यादेबाहेर गेलेला नमुना खरा मानायचा की टाकायचा, हा प्रश्न त्या संगणकापुढेही होता. त्याने तो खरा मानला.

ठिणग्यांचा बंदोबस्त

हाच प्रश्न खोडदला रोज येतो. डोंगरांच्या आडोशाला असली तरी ही दुर्बीण नांदत्या गावांच्या मधोमध आहे. महावितरणच्या तारांवर सैल जोडणीतून उडणाऱ्या ठिणग्या, जुन्या टीव्हीचा बिघडलेला बूस्टर, आणि पुढे मोबाइलचे मनोरे. कोट्यवधी वर्षं प्रवास करून आलेल्या कुजबुजीपेक्षा हे कैक पटींनी मोठं. पथकं पाठवून तारा दुरुस्त करवून घेणं, गावकऱ्यांशी बोलणं हा एक मार्ग. तो पुरेना, तेव्हा नमुन्यांच्या पातळीवरच बंदोबस्त करायचं ठरलं.

ठिणगी म्हणजे क्षणभराचा प्रचंड उसळता नमुना. जुन्या ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रणातली खरखर काढताना ध्वनितंत्रज्ञ जे करतात तेच इथे होतं: आजूबाजूच्या नमुन्यांवरून साधारण पातळी काढायची, आणि त्यापेक्षा फारच उसळलेला नमुना बाद करून त्या जागी निरुपद्रवी आकडा ठेवायचा. फक्त हे गाणं थांबवून, मागेपुढे फिरवून करता येत नाही. दर सेकंदाला कोट्यवधी नमुने येत असताना, येतायेताच ठरवावं लागतं. कौशल बुच आणि एनसीआरएतले त्यांचे सहकारी अभियंते यांनी हे काम एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या, चिपांमध्ये बसवलं. साधारण पातळी काढायला त्यांनी साधी सरासरी घेतली नाही, कारण एक मोठी ठिणगी सरासरीलाच फसवते. त्यांनी मध्यकाचा आधार घेतला, जो दोन-चार दांडग्या आकड्यांनी हलत नाही.

ही सोय ज्या मोठ्या नूतनीकरणाचा भाग होती, त्याला अपग्रेडेड जीएमआरटी म्हणतात. २०१९ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने पुरं झालं. तबकड्यांवर संकेत टिपणाऱ्या नव्या फीडांमुळे १२० ते १४५० मेगाहर्ट्झचा बहुतेक पट्टा सलग ऐकू येऊ लागला आणि एका वेळी घेतला जाणारा पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर गेला. आपल्याच हिशेबाने नमुने सेकंदाला ४,८०० कोटी झाले. ते चाळण्यासाठी पुढच्या फळीत एफपीजीए आणि मागे ग्राफिक्स कार्डं, म्हणजे मुळात व्हिडिओ गेम पळवण्यासाठी बनलेल्या चिपा. २०२० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने जीएमआरटीला अभियांत्रिकीतला मैलाचा दगड म्हणून गौरवलं. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गोविंद स्वरूप पुण्यात गेले.

दप्तरातलं आकाश

साठवलेल्या नोंदीची किंमत किती, हे एका उदाहरणाने पुरेसं कळतं. २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर जीएमआरटीने जवळजवळ दोन हजार तास आकाश पाहिलं. या वारंवारतेला पृथ्वीचं आयनावरण फार त्रास देतं. चित्र डगमगतं, ठिपके सरकतात. त्यामुळे त्या वेळी या नोंदींतून सगळं काढता आलं नाही. नोंदी मात्र जपून राहिल्या. पुढे ह्युइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी आयनावरणाचा परिणाम गणिताने वजा करणारी रीत त्याच नोंदींवर चालवली आणि २०१७ मध्ये नव्वद टक्के आकाशातले ६ लाख २० हजारांहून जास्त रेडिओ स्रोत जगापुढे ठेवले. नवं निरीक्षण एकही नाही. २०१८ मध्ये याच यादीतल्या एका ठिपक्यावरून तोवर माहीत असलेली सर्वांत दूरची रेडिओ आकाशगंगा सापडली.

उलट बाजूही आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या २००१ मधल्या जपलेल्या नोंदींत लोरिमर आणि सहकाऱ्यांना काही मिलिसेकंदांचा एक प्रचंड रेडिओ स्फोट सापडला. अशा स्फोटांवर आज जगभर काम चालतं. पार्क्सची नोंद वेगवान होती आणि कुणीतरी ती ठेवली होती, म्हणून हे झालं. सोळा सेकंदांच्या सरासरीत मिलिसेकंदाचा स्फोट पुसून जातो. खोडदच्या जुन्या काळातही असे स्फोट आले असतीलच. ते टाकलेल्या भागात गेले. नव्या यंत्रणेवर मात्र विश्वेश्वर राम मर्ती आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एकाच उगमाचे असे पंधरा स्फोट टिपले. तबकड्या त्याच होत्या.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी देशात तीन ठिकाणी परम रुद्र महासंगणक कार्यान्वित झाले. त्यातला पुण्याचा जीएमआरटीच्या कामाला जोडलेला आहे आणि अशा स्फोटांचा शोध हे त्याचं एक मुख्य काम. १९९१ मध्ये सी-डॅकचा परम आणि एनसीआरएची दुर्बीण एकाच खिंडीत शेजारी असूनही एकमेकांच्या कामाच्या मापाचे नव्हते. तेहतीस वर्षांनी ते एका हिशेबात आले.

पुढचा हिशेब आणखी मोठा आहे. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए दुर्बिणीत भारत सामील आहे आणि तिच्या संचालनाच्या प्रणालीच्या आखणीत एनसीआरएचा मोठा वाटा आहे. तिथला कच्चा संकेत कायमचा साठवणं कुणालाच परवडणार नाही. तो येतायेताच चाळावा लागेल, आणि चाळणी आज्ञावलीत लिहिलेली असेल. खोडदच्या तीन पिढ्यांचा अनुभव हेच सांगतो की चाळणीची भोकं ठरवणारा माणूस नकळत शोधही ठरवतो. म्हणून पुढची मोठी दुर्बीण घडवताना अभियंत्यांइतकंच महत्त्व येईल ते त्या बैठकीला, जिथे टाकायच्या नमुन्यांची यादी मंजूर होते.